ओळख आधी, किल्ली नंतर



सिल्लोड तालुक्यातील अजिंठा गावावरून लेण्यांकडे जाणाऱ्या पर्यटकांना घरातील खोली भाड्याने द्यायची,
तर शासनाची ‘निवास व न्याहारी’ योजना,
म्हणजे कुटुंबाने राहत्या घरातच मुक्कामाची व नाश्त्याची सोय करण्याची पद्धत, उपलब्ध आहे.

मात्र नव्या यजमानाने एक क्रम पाळावा:
ओळख आधी, किल्ली नंतर.

येणारे किती जण, कोठून येणार, किती दिवस राहणार,
हे आरक्षणाच्या वेळीच विचारावे,
आणि प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करावी.
आधारची प्रत घ्यायचीच असेल, तर ‘मास्क्ड आधार’,
म्हणजे शेवटचे 4 अंकच दिसतात अशी प्रत, पुरेशी मानावी.

पाहुणा परदेशी असल्यास पासपोर्ट व व्हिसा तपासून,
तो आल्यापासून 24 तासांच्या आत
परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे ऑनलाइन माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे;
येथे टाळाटाळ चालत नाही.

प्रवासाचा हेतूही सहज विचारावा.
सोमवारी लेणी पाहणार, असे कोणी म्हणाले,
तर तो संशयित ठरत नाही;
लेणी सोमवारी बंद असतात, एवढेच त्याला ठाऊक नसते.

आडनाव, जात किंवा धर्म पाहून नकार देणे ही पारख नव्हे, तो निव्वळ पूर्वग्रह होय.
उलट, ओळखपत्र दाखवण्यास नकार देणारा,
किंवा ठरल्यापेक्षा अधिक माणसे घेऊन येणारा पाहुणा, कितीही ओळखीचा असो,
त्याच्यासाठीही नियम तोच:
ओळख आधी, किल्ली नंतर.