घरातील विजेचे गणित



वसंतातल्या संध्याकाळी काव्यशास्त्रविनोदासाठी जमलेल्या मंडळींपुढे गुणाकार-भागाकार घेऊन उभे राहणे हे धाडसच आहे. ते आम्ही करीत आहो, याला कारण आमच्याच घरी घडलेला एक प्रसंग.

हिवाळ्याचे दिवस होते. न्हाणीघरात गीझर लावला की काहीतरी करपल्यासारखा वास येई. पाणी नेहमीसारखे तापत होते, फ्यूज शाबूत होता. तेव्हा काळजी कसली, असे म्हणून आम्ही आठ दिवस काढले. नवव्या दिवशी प्लग उपसून पाहतो तो त्याची एक बाजू काळी पडलेली! वायरमनला बोलावले. त्याने मीटर लावून आकडे सांगितले : प्लगच्या अलीकडे दाब २३० व्होल्ट, पलीकडे २२६ आणि तारेतला प्रवाह साडेआठ अँपिअर. 'चारच व्होल्ट ना गेले!' असे आम्ही म्हणालो खरे; पण मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि पोटात धस्स झाले. ती आकडेमोड आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकी जितकी उंच, तितका नळाच्या पाण्याला जोर. हा झाला दाब, तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून वाहते ते पाणी म्हणजे प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि नळी अरुंद असली, तिच्यात गाळ बसला, की पाणी अडते. हा झाला रोध. या तिघांचे नाते गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हा कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याच्या ग्रंथाचे स्वदेशी थंडेच स्वागत झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ले पदक दिले ते १८४१ साली, म्हणजे चौदा वर्षांनी. आज रोध मोजण्याचे माप त्याच्याच नावाने ओळखले जाते.

नियम एका ओळीचा आहे. दाबाला प्रवाहाने भागा, रोध मिळतो. आणि त्याच दोन आकड्यांचा गुणाकार करा, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते कळते. ही शक्ती, ती वॉटमध्ये मोजतात.

आता आमचा गीझर पाहा. त्याला मिळणारा दाब २२६, प्रवाह ८.५. भागाकार केला, रोध आला सुमारे २६.६ ओहम. गुणाकार केला, शक्ती आली १९२१ वॉट. एवढ्या शक्तीने पाणी तापते. ठीकच आहे, त्यासाठीच तो घेतला.

आता हाच हिशेब प्लगला लावू. तिथे हरवलेला दाब ४ व्होल्ट, प्रवाह तोच ८.५. रोध आला अर्ध्या ओहमहूनही कमी. किती क्षुल्लक! पण गुणाकार करा : ३४ वॉट. डाग देण्याची लहान कावी २५ वॉटची असते आणि तिच्या टोकाशी कथील वितळते. तिच्याहून अधिक उष्णता आमच्या प्लगच्या सुपारीएवढ्या जागेत, भिंतीला चिकटून, रोज सकाळी निर्माण होत होती. कारण एवढेच, की आतली पितळेची पकड सैल झाली होती. पकड सैल म्हणून उष्णता. उष्णतेने धातूवर काळा थर आणि पकड आणखी सैल. त्यामुळे रोध वाढून पुन्हा अधिक उष्णता. हे चक्र आपोआप थांबत नाही.

मग फ्यूज का उडाला नाही? तो पहारा ठेवतो प्रवाहावर. सैल जोडाने रोध वाढला, तेव्हा प्रवाह उलट किंचित घटला. पहारेकऱ्याच्या दृष्टीने सारे आलबेल! नव्या घरांतल्या आपोआप पडणाऱ्या स्विचांचीही हीच गत. तिथे आपले नाक हाच खरा पहारेकरी, आणि आम्ही आठ दिवस त्याचे ऐकले नाही.

दुसरी गोष्ट जोडपट्टीची. १००० वॉटची इस्त्री आणि १५०० वॉटची किटली एकाच पट्टीवर लावली, तर २५०० ला २३० ने भागून जवळजवळ अकरा अँपिअर येतात. पट्टी मात्र असते सहा अँपिअरची. कोणी म्हणेल, दुपटीच्या आतच आहे. पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, हे जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे तार सव्वातीनपट तापणार.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. नुसत्या तापणाऱ्या उपकरणांना हा हिशेब चोख लागू पडतो. पंखा किंवा पंप यांच्या बाबतीत साध्या गुणाकाराने खरी शक्ती थोडी जास्त दिसते. पण घरातला धोका बहुधा तापणाऱ्या उपकरणांपाशीच असतो.

तेव्हा घरी गेल्यावर एवढे करावे. गीझरच्या अंगावर लिहिलेल्या वॉटला २३० ने भागावे आणि तो आकडा प्लगवरच्या अँपिअरशी ताडून पाहावा. वापर झाल्यावर बटण बंद करून प्लगला बाहेरून हात लावावा. तो कढत लागला, तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे; नवव्या दिवशी नव्हे.