संगणकाची एसएसडी कशी पारखावी

जुना संगणक मंद झाला म्हणजे तो टाकून नवा घेण्याकडे गृहस्थाचा ओढा असतो. पुष्कळदां दोष संगणकाचा नसून त्यांतील फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागीं एसएसडी बसविली कीं तेंच यंत्र तरतरीत होऊन कामाला लागतें. प्रश्न एवढाच कीं, दुकानांत एकसारख्या दिसणाऱ्या दहा डब्यांतून उचलावा कोणता?

श्रोतेहो, डब्यावर सर्वांत ठळक छापलेला आंकडा वेगाचा असतो, आणि घरगुती गिऱ्हाइकानें सर्वांत कमी महत्त्व द्यावें तें त्यालाच. साटा जोडणीची एसएसडी सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइट वाचते, एनव्हीएमई जातीची ३,५०० किंवा ७,००० सुद्धां. परंतु पत्रलेखन, हिशेब, मुलांचा अभ्यास यांत तो फरक क्वचितच जाणवतो. त्याऐवजीं आपल्या यंत्रांत २.५ इंची पेटी बसते कीं एम-२ ची पट्टी, आणि ती खांच साटाची आहे कीं एनव्हीएमईची, हें आधीं पाहावें. न बसणारी वस्तु कितीही वेगवान असली तरी ती काय कामाची?

खरा भेद आंत असतो. एसएसडी मजकूर सांभाळते ती सूक्ष्म खणांत विद्युत्भार कोंडून. टीएलसी जातीच्या खणांत ३ बिट असतात, म्हणजे भाराच्या ८ पायऱ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसींत ४ बिट, म्हणजे १६ पायऱ्या. एकाच मापट्यावर जितक्या खुणा दाट, तितकें भरण्याचें काम नाजूक व सावकाश, आणि खणाची झीजहि लवकर. स्वस्ताई येते ती येथूनच. सॅमसंगनें २०२० सालीं ८७० क्यूव्हीओ व २०२१ सालीं ८७० ईव्हीओ अशा दोन एसएसडी काढल्या. दोहोंचा छापील वाचनवेग ५६० मेगाबाइट. पण १ टेराबाइटच्या क्यूव्हीओस हमी ३ वर्षें किंवा ३६० टेराबाइट लेखन, तर ईव्हीओस ५ वर्षें किंवा ६०० टेराबाइट. शिवाय क्यूव्हीओची सुमारें ४२ गिगाबाइटांची जलद राखीव जागा भरली कीं लेखनाचा वेग ८० वर येतो. डब्याच्या दर्शनी बाजूवरून यांतील कांहींहि कळत नाहीं.

म्हणून ५ वर्षांची हमी देणारी, परिचित कंपनीची टीएलसी घ्यावी, हें बरें. मात्र झिजेच्या भीतीनें त्याहून महाग वस्तूच्या मागें लागूं नये. रोज २० गिगाबाइट लिहिले तरी वर्षाला ७.३ टेराबाइटच होतात. त्या हिशेबानें ३६० ची मर्यादा गांठण्यास ४९ वर्षें लागतील! घरांतील एसएसडी झिजून संपण्यापेक्षां तिची नियंत्रक चकती किंवा आंतील आज्ञावली बिघडून, अनेकदां पूर्वसूचनेविना, मुकी होण्याचा संभव अधिक. हमी नवी पेटी देते. लग्नाचीं छायाचित्रें देत नाहीं. तेव्हां वेगावर वाचविलेले रुपये दुसऱ्या प्रतीच्या सोयीवर खर्चावे.

अविश्वसनीय स्वस्ताईपासून तर दूरच राहावें. आंत थोडीच जागा असून संगणकास ४ टेराबाइट सांगणाऱ्या बनावट पेट्या विकल्या जातात. नवी वस्तु परत करण्याची मुदत असतांनाच ती पूर्ण भरून, पुन्हां वाचून पडताळावी. त्यासाठीं मोफत आज्ञावल्या मिळतात.

दुसरी प्रत मात्र एसएसडीवर करून कपाटांत वर्षानुवर्षें ठेवूं नये. जेडेक या मानकसंस्थेची घरगुती एसएसडीस अट एवढीच आहे कीं, लेखनमर्यादा गांठल्यावर ३० अंश सेल्सिअस तपमानांत, विजेविना, तिनें मजकूर १ वर्ष राखावा. नवी पेटी अधिक काळ राखते हें खरें; पण कपाटाला फिरती तबकडीच बरी. संगणकांतून काढलेली जुनी हार्ड डिस्क तपासून धडधाकट ठरली, तर थोडक्या पैशांत मिळणाऱ्या यूएसबी पेटींत घालून तिजवर ही प्रत ठेवतां येते.