चित्राची वाट आणि स्विचच्या केबली



दोन-तीन संगणक आणि त्यांना मिळून एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस. छोट्या डीटीपी केंद्रांत ही मांडणी अजून दिसते. जुन्या फॉन्टांतल्या फाइली उघडायला एक म्हातारा संगणक राखलेला असतो, नवं काम दुसऱ्यावर चालतं, आणि मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर नेणारी केव्हीएम स्विचची डबी. स्विच घेताना चार दुकानं पालथी घालतात. केबल मात्र खणात सापडेल ती लावतात. त्याची किंमत दिवसभर प्रुफं तपासणारे डोळे मोजतात.

व्हीजीए ही संगणकाचं चित्र मॉनिटरकडे नेणारी, आयबीएमनं 1987 साली आणलेली जोडणी. तिच्यात लाल, हिरव्या, निळ्या रंगाची तीव्रता विद्युतदाबाच्या चढउतारांतून जाते. 1280 गुणिले 1024 चं चित्र 60 हर्ट्झवर दाखवायचं तर एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम 9 नॅनोसेकंद येतात. हलक्या केबलीत इतके जलद चढउतार बोथट होतात, आणि त्याचा पहिला मार आपल्या कान्यावर बसतो. चित्राची ओळ डावीकडून उजवीकडे काढली जाते. शिरोरेषा त्याच दिशेनं धावते, म्हणून ती ठसठशीत राहते. उभा दंड एक-दोन पिक्सेलांचा. तो फिका पडतो, कडेला पसरतो. रोमन अक्षरांना शिरोरेषा नाही, म्हणून इंग्रजी मजकुरात हा फरक इतका ठळक दिसत नाही.

कधी दंडाच्या उजवीकडे त्याची सावली उमटते. व्हीजीएची वाट 75 ओहमची धरलेली असते. स्विच आणि मॉनिटर या दोन्ही टोकांना ती जुळणी बिघडली, तर संदेश मॉनिटरकडून मागे जाऊन पुन्हा येतो. 3 मीटरच्या केबलीत या येरझारीला साधारण 30 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सावली तीनेक पिक्सेल सरकून पडते. सावली नेमकी दिसली, की दोष या जुळणीत आहे हे मला तरी तिथेच कळतं.

म्हणून तिन्ही रंगांना स्वतंत्र कोएक्स तार असलेली केबल घ्या. आणि लांबी दोन्हीकडची मोजा: संगणक ते स्विच, स्विच ते मॉनिटर. साध्या स्विचमध्ये संदेशाला नवं बळ मिळत नाही, त्यामुळे दोन्ही तुकड्यांतली घट एकत्र होते. जोड देऊन केबल लांबवणं तर टाळाच. प्रत्येक जोड ही संदेश परत फिरण्याची आणखी एक जागा.

एचडीएमआयमध्ये अक्षर पसरत नाही. तिथे आकडे जातात. चुकले तर पडद्यावर ठिणग्या उडतात, किंवा पडदा क्षणभर काळा होतो. 4के चित्र 60 हर्ट्झवर हवं असेल तर सेकंदाला 18 गिगाबिटची क्षमता लागते, आणि ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणपत्राची केबल त्यासाठीच तपासलेली असते. सोन्याचा मुलामा गंज रोखतो, चित्र सुधारत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. संगणक आपणहून 30 हर्ट्झवर उतरला, माउसचा बाण अडखळू लागला, तर आधी स्विच, केबल आणि संगणकाचा पोर्ट या तिघांची क्षमता पाहा. तिघांत जो सगळ्यांत कमी, त्याच्याच मापानं चित्र येतं.

घरी गेल्यावर एक करा. बारीक टाइपात ‘काना, पाना, माना’ लिहा. आधी संगणक थेट मॉनिटरला जोडून पाहा, मग तोच मजकूर स्विचमधून. दंड बदलला, तर एका वेळी एकच केबल बदलत जा.