दुग्धाम्ल आणि स्मरण



घरांतील वडीलधारें माणूस नांवें विसरूं लागलें, कीं सारें घर चिंतेंत पडतें. या विस्मरणाशीं दह्याताकांतील आंबटपणाचा कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. पण तसा तो आहे.

स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञानें १७८० सालीं आंबलेल्या दुधांतून दुग्धाम्ल वेगळें केलें. पुढें तेंच द्रव्य श्रमलेल्या स्नायूंत सांपडलें आणि बिचाऱ्याच्या माथीं थकव्याचा दोष बसला. शरीरांत तें लॅक्टेट या रूपानें वावरतें.

मेंदूचें वजन देहाच्या शेंकडा दोनच. पण देहाच्या शक्तीचा सुमारें शेंकडा वीस भाग तो एकटा खर्चतो. मज्जापेशींच्या शेजारीं ताऱ्यासारख्या फांद्यांच्या दुसऱ्या पेशी असतात. या ताराकृति पेशी साखरेचें लॅक्टेट बनवून मज्जापेशींना पुरवितात, असें मत पेलेरां व माजिस्ट्रेटी यांनीं १९९४ सालीं मांडलें. एकीनें दळावें, दुसरीनें भाकरी भाजावी, तसा हा प्रकार. मज्जापेशी स्वतः किती साखर जाळतात, हा वाद अजून मिटलेला नाहीं.

मात्र २०११ सालचा उंदरांवरील प्रयोग जन्मभर पाठांतर घेतलेल्या माझ्यासारख्या मास्तराला फार बोलका वाटतो. ताराकृति पेशींतील सांठ्यापासून लॅक्टेट बनण्याचें बंद पाडलें, तेव्हां शिकलेला धडा तात्पुरता लक्षांत राहिला, पण टिकला नाहीं. वरून लॅक्टेट दिलें, तेव्हां टिकला!

तें नुसतें इंधनहि नव्हे; निरोप्या आहे. धांवणाऱ्या उंदरांच्या स्नायूंतील लॅक्टेट रक्तावाटें मेंदूंत जातें, तेथें मज्जापेशींना पोषक असें एक प्रथिन वाढतें व स्मरण सुधारतें, असें २०१९ मध्यें दिसून आलें.

अल्झायमरच्या रोगांत मेंदूची साखर वापरण्याची शक्ति मंदावते. कधीं कधीं लक्षणें दिसण्यापूर्वींच. म्हणून लॅक्टेटविषयीं आशा वाटते. परंतु २०२२ सालीं या रोगाच्या उंदरांत उलटेंहि आढळलें: मेंदूच्या पहारेकरी पेशींत लॅक्टेटमुळें दाह वाढून रोग बळावतो. तेव्हां त्याच्या नांवानें कोणी पुडी विकावयास आला, तर त्याला दारांतूनच परत पाठवावें. ताक प्यावें तें रुचीसाठीं, स्मरणासाठीं नव्हे.

राहतां राहिलें चालणें. रमतगमत फिरल्यानें रक्तांतील लॅक्टेट फारसें वाढत नाहीं. किंचित् दम लागेल अशा वेगानें चालल्यास वाढतें. हृदयविकार असलेल्यांनीं मात्र आधीं डॉक्टरांना विचारावें.