दरडोई उत्पन्नाच्या पलीकडे



देशाचा विकास मोजायचा म्हटला,
की सरकारदरबारी प्रथम दरडोई उत्पन्नाचा हिशेब मांडला जातो;
परंतु ही सरासरी, धनिकाची मिळकत आणि मजुराची रोजी एकाच बेरजेत घालत असल्यामुळे,
कोणाच्या पदरात काय पडले, हे मुळीच सांगत नाही.

म्हणून १९९० साली,
महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने,
मानव विकास निर्देशांक अवतरला.
त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आले, शिक्षण आले.

केरळचेच पाहा ना!
१९७० च्या दशकात तेथील दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी;
तरीही साक्षरता अधिक, आणि अर्भकमृत्यू कमी.

उत्पन्न हवेच, श्रोतेहो;
पण केवळ उत्पन्न म्हणजे विकास नव्हे.

अर्थात, हा निर्देशांकही अखेर सरासरीच;
म्हणून २०१० पासून, विषमतेची वजावट केलेला दुसरा आकडाही प्रसिद्ध होतो.