जोडणीआधी सहा आकडे पाहा

मोताळ्याच्या बाजारात खिशाएवढ्या ब्लूटूथ प्रिंटरवर बिल छापून देणे आता नवलाचे राहिलेले नाही. मोबाइल आणि प्रिंटर यांच्यात तार नसते, 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी असतात, आणि त्या भिंतीपलीकडेही पोहोचतात. मग समोरचे यंत्र आपल्याला हवे तेच आहे ना, आणि मधले बोलणे कुणी ऐकत नाही ना?

जुन्या जोडणीत 0000 किंवा 1234 असा पिन सर्रास चालायचा. 2007 च्या ब्लूटूथ 2.1 ने ती पद्धत बदलली. दोन्ही यंत्रे गुप्त किल्ली हवेतून न पाठवताच गणिताने तयार करतात आणि पडद्यावर सहा आकडी संख्या दाखवतात. संख्या जुळली, की मध्ये तिसरा कुणी नाही याची खात्री पटते. पडदा नसलेल्या प्रिंटरला किंवा इयरफोनला ही खात्री देता येत नाही, ही मोठीच उणीव.

2019 मध्ये संशोधकांनी ‘नॉब’ हल्ला दाखवला. त्यात किल्लीची ताकद एका बाइटपर्यंत, म्हणजे अवघ्या 256 शक्यतांपर्यंत उतरवता येत होती! त्यानंतर किमान सात बाइटची शिफारस झाली. ही दुरुस्ती मोबाइलमध्ये अपडेटमधूनच येते. तेव्हा अपडेट टाळू नका, आणि अनोळखी जोडणीची विनंती सरळ नाकारा.