वारंवार आजारी पडणारे मूल आणि गावच्या नोंदवह्या



पावसाळ्यात परभणी जिल्ह्यातील कोणत्याही अंगणवाडीत गेल्यास निम्मी मुले नाक ओढताना दिसतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे स्वाभाविक आहे. आजचा विषय आहे तो त्यांच्यातील एखाद्याच मुलाचा. त्याला वर्षात दोनदा न्यूमोनिया होतो, चार-चार वेळा कान फुटतो, खोल गळवे पुन:पुन्हा उठतात, दोन-दोन महिने औषधे देऊनही गुण येत नाही. वर्ष उलटले तरी तोंडातील पांढरी बुरशी जात नाही आणि वजन वाढत नाही. यांपैकी दोन लक्षणे एकाच मुलात आढळली, तर त्या मुलाच्या रोगप्रतिकारशक्तीचीच तपासणी झाली पाहिजे.

प्रतिकारशक्ती खालावण्याचे सर्वांत मोठे कारण कुपोषण होय. काही मुलांत एचआयव्हीचा संसर्ग हे कारण असते. त्याची तपासणी व उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य होतात. ही दोन्ही कारणे नसतील, तर जन्मजात न्यूनतेचा विचार करावा लागतो. १९५२ साली अमेरिकेत ब्रूटन या डॉक्टरने वारंवार संसर्ग होणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात संरक्षक प्रतिपिंडेच नसल्याचे दाखवून दिले. तेव्हापासून अशा शेकडो विकारांची ओळख पटली आहे. प्रत्येक विकार विरळा असला, तरी सर्व मिळून त्यांची संख्या उपेक्षणीय नाही.

मग अशी मुले ओळखली का जात नाहीत? याचे कारण असे, की प्रत्येक आजारावर स्वतंत्र इलाज होतो, पण आजारांची बेरीज कोणीच करीत नाही. पहिला न्यूमोनिया जिंतूरच्या दवाखान्यात, दुसरा परभणीला, गळू गावातच फोडलेले. गंगाखेड-सोनपेठकडील ऊसतोड कुटुंबाचे मूल तर सहा महिने परमुलखात असते. डॉक्टरपुढे येतो तो केवळ त्या दिवसाचा ताप.

ही बेरीज गावातील नोंदवह्यांतून होऊ शकते. शिक्षकांच्या हजेरीपटात आजारपणाच्या रजा असतात, अंगणवाडीत वजनाचा आलेख असतो, ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद असते. यांतील शेवटची सर्वांत बोलकी होय. या विकारांचे काही प्रकार आईकडून मुलग्यांकडे येतात. आई स्वत: निरोगी असते. म्हणून आधीची भावंडे, मामा किंवा मावसभाऊ तान्हेपणीच तापाने वा जुलाबाने दगावले होते काय, हे विचारणे अगत्याचे ठरते. १९६८ साली अमेरिकेत ज्या बालकावर अस्थिमज्जेचे प्रतिरोपण प्रथम यशस्वी झाले, त्याच्याही आईकडील नात्यातील अनेक मुलगे असेच दगावले होते. मज्जा दिली ती बहिणीने. इतर काही प्रकारांत सदोष गुणसूत्रांश दोन्ही बाजूंनी यावा लागतो. मामाची मुलगी करण्याची चाल ज्या घरांत आहे, तेथे ही शक्यता वाढते. त्याबद्दल मातेला दूषण देणे मात्र सर्वस्वी चूक होय.

हा इतिहास जन्मापूर्वीच कळला, तर त्याचा उपयोग मोठा आहे. जन्मत:च दिली जाणारी बीसीजी व पुढे रोटाव्हायरसची लस यांत जिवंत पण दुर्बल केलेले जंतू असतात. निरोगी बालकास त्या हितकारकच आहेत आणि त्या कोणीही टाळू नयेत. परंतु ज्या घरात पूर्वी अशी बालके गेली आहेत, तेथे जन्मलेल्या मुलास बीसीजी टोचण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. तीव्र न्यूनता असलेल्या बालकात त्या लसीचे जंतूच शरीरभर पसरू शकतात.

पहिली चाचणी साधीच आहे. तान्ह्या बालकाच्या रक्तात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला ३,००० हून कमी असतील, तर पुढील तपासणी तातडीची समजावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात. वर सांगितलेली बेरीज लिहिलेला कागद त्यांच्या हाती द्यावा. विशेष तपासण्या मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत, म्हणजे इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतात; वाडिया बालरुग्णालयही त्याच भागात आहे. परभणीहून रात्रीच्या गाडीने निघालेले कुटुंब सकाळी मुंबईत पोहोचते.

उपचार प्रकारानुसार बदलतात. प्रतिपिंडे नसलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून द्यावे लागते, बहुधा आयुष्यभर. ते हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते, त्यामुळे महाग पडते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणातील यादीत असे काही विकार आहेत आणि मान्यताप्राप्त केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे त्यांपैकी एक. सर्वांत तीव्र प्रकारात अस्थिमज्जेचे प्रतिरोपण हाच मुख्य उपाय. ते पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत, संसर्ग होण्यापूर्वी झाल्यास यशाची शक्यता फार वाढते. काही मुलांना रोज को-ट्रायमोक्साझोलची मात्रा घ्यावी लागते. ताप नाही म्हणून ती बंद करणे ही घरोघरी होणारी चूक आहे.

शेतकरी घराने ध्यानात ठेवावे असे आणखी एक. एका प्रकारात पांढऱ्या पेशी बुरशी मारू शकत नाहीत. अशा मुलास कडब्याची गंजी, मळणीचा भुसा व उकिरडा यांपासून दूर ठेवावे लागते, कारण बुरशीचे बीजाणू तेथूनच फुप्फुसात जातात. शाळेतील बागेसाठी खतखड्डा उपसण्याचे काम त्याला देऊ नये. बाकी ते मूल वर्गात बसू शकते, खेळू शकते. त्याचा आजार दुसऱ्यास लागत नाही. उलट वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाल्यास त्याच दिवशी त्याच्या पालकांना निरोप गेला पाहिजे, आणि ताप आल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला उपचारपत्रासह दवाखान्यात पोहोचवले पाहिजे.